रंगाखालची शकुंतला

यवतमाळ ते मूर्तिजापूर हा सुमारे ११३ किलोमीटरचा नॅरोगेज मार्ग. किलिक निक्सन कंपनीने वऱ्हाडातला कापूस मुंबईच्या बंदराकडे नेण्यासाठी हे रूळ टाकले आणि त्यांवरून धावणाऱ्या गाडीला लोकांनी शकुंतला म्हटलं. १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलेलं झेडडी जातीचं वाफेचं इंजिन १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत ही गाडी ओढत होतं. मग डिझेल इंजिन आलं. विदर्भातल्या कुणा हौशी माणसाला रेल्वेचं मॉडेल करायचं ठरवल्यावर पहिल्यांदा हीच गाडी आठवत असेल, तर त्यात नवल नाही.

हिशेबही सोयीचा जमतो. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी १९९८ साली सुरू केलेल्या मिनिएचर रेल्वेच्या संग्रहालयात गाड्या धावतात त्या एचओ प्रमाणात, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शात. शकुंतलेच्या दोन रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर. त्याला ८७ ने भागलं की ८.७६ मिलिमीटर येतात, आणि बाजारात ९ मिलिमीटरचा रूळ सहज मिळतो. पाव मिलिमीटरचा फरक डोळ्याला कळत नाही.

रंगाच्या जाडीला मात्र हीच सवलत मिळत नाही. पाण्याच्या टाकीवरच्या रिव्हेटचं डोकं खऱ्या इंजिनावर दोन सेंटिमीटर रुंद असेल, तर मॉडेलवर ते पाव मिलिमीटरच्याही आत बसतं. आता कुंचल्याने एकावर एक दिलेल्या हातांनी रंगाचा थर ०.१ मिलिमीटर झाला, असं धरा. हा थर खऱ्या इंजिनाच्या मापात ८.७ मिलिमीटर जाडीचा होतो. करंगळीएवढ्या जाडीचा रंग अंगावर घेऊन कोणतंही इंजिन शेडमधून बाहेर पडलेलं नाही. रिव्हेट बुडतात, दाराच्या फटी भरतात, पायरीच्या कडा गोल होतात. अशा मॉडेलवर आणखी एक हात देऊन काहीही सुधारत नाही. रंग उतरवावाच लागतो, आणि माझ्या मते हे काम रंग देण्याइतक्याच कौशल्याचं आहे. बहुतेक पुस्तकं ते दोन ओळींत उरकतात. इथे त्याला पूर्ण प्रकरण दिलं आहे, कारण नासलेल्या मॉडेलांपैकी कितीतरी रंगाने नव्हे, रंग काढताना नासलेली असतात.

रंग उतरवायला बसलेला माणूस रंगाकडे बघतो आणि तो कशाने निघेल, असं विचारतो. प्रश्न उलटा हवा. रंगाखाली काय आहे आणि त्याला काय सोसत नाही, हे आधी ठरवायचं. उरलेल्या पर्यायांतून मग रंगाला लागू पडेल तो निवडायचा. या प्रकरणातलं बाकी सगळं त्या एका क्रमातून निघतं.

घरी केलेल्या शकुंतलेच्या इंजिनात पाच-सहा पदार्थ सहज असतात. ९ मिलिमीटर रुळाच्या तयार इंजिनाचं खालचं यंत्र घेतलेलं असतं, त्याची चौकट जस्ताच्या मिश्रधातूची आणि दातेरी चाकं नायलॉनसारख्या प्लास्टिकची. वरची केबिन आणि टाक्या पॉलिस्टायरीनच्या पत्र्यातून कापलेल्या. धुराडं कधी शिसं-कथलाच्या व्हाइट मेटलमधून ओतलेलं, तर कधी रेझिनचं, थ्रीडी प्रिंटरवर काढलेलं. कठडे पितळी तारेचे, खिडक्यांना पारदर्शक प्लास्टिक. हे सगळं एकत्र कोणत्याही द्रावणात बुडवणं म्हणजे त्यातला एखादा तरी भाग गमावणं. म्हणून आधी जेवढं सुटं होईल तेवढं सुटं करा. मोटर, दातेरी चाकं आणि विजेच्या तारा तर द्रावणाच्या जवळही जाता कामा नयेत. प्लास्टिकच्या भागाच्या आतल्या बाजूला पीएस किंवा एबीएस अशी अक्षरं कोरलेली असली तर टिपून ठेवा. धातू ओळखायला वजन आणि चुंबक पुरतात. चुंबक चिकटत नाही, रंग करडा आहे आणि आकाराच्या मानाने जड लागतो, तर जस्ताचा मिश्रधातू किंवा व्हाइट मेटल. करडा असून हलका लागला, तर ॲल्युमिनियम.

पॉलिस्टायरीनवर जरा थांबायला हवं, कारण किटमधली बहुतेक मॉडेलं त्याचीच असतात. त्याची लांबलचक साखळी निव्वळ कार्बन आणि हायड्रोजनची असते आणि तिला बेन्झीनसारखी कडी लटकलेली असतात. टोल्यूइन त्याच घराण्यातलं, म्हणून ते साखळ्यांमध्ये सहज शिरतं आणि त्यांना एकमेकींपासून सोडवतं. ॲसिटोनही पॉलिस्टायरीनला मऊ करून टाकतं. फर्निचरवाले वापरतात त्या एनसी थिनरमध्ये बहुधा अशीच द्रावकं असतात. प्लास्टिकचे दोन भाग जोडायला आपण जो पातळ गोंद लावतो, तोही याच तत्त्वावर काम करतो. दोन्ही पृष्ठभाग थोडे विरघळवतो, ते एकजीव होतात आणि द्रावक उडून जातं. म्हणजे थिनरने रंग पुसायला जाणारा माणूस सगळ्या मॉडेलला गोंद लावत असतो. एका मिनिटात रिव्हेट पसरतात, कडा वितळतात, आणि ते परत येत नाही. पितळी तारेवर किंवा व्हाइट मेटलवर ॲसिटोन खुशाल वापरा, फक्त झटपट चिकटणाऱ्या गोंदाचे जोड त्याने सुटतील हे धरून चाला.

अल्कोहोलची गोष्ट वेगळी. त्याच्या रेणूंची एकमेकांवरची पकड पाण्यासारखी असते आणि पॉलिस्टायरीनमध्ये शिरायला त्याला जागा मिळत नाही. पाण्यात मिसळणाऱ्या ॲक्रिलिक रंगाच्या पापुद्र्यात मात्र ते शिरतं. हा रंग वाळतो तेव्हा त्याचे कण नुसते एकमेकांना बिलगतात, त्यांच्यात पक्के रासायनिक दुवे तयार होत नाहीत. त्यामुळे अल्कोहोल मिळालं की थर फुगतो, सुरकुततो आणि सुटतो. शाळेपासून आपल्या हातात असलेले कॅमलचे ॲक्रिलिक रंग याच जातीचे. दांडेकर बंधूंनी १९३१ साली सुरू केलेल्या कंपनीचे हे रंग यवतमाळपासून वणीपर्यंत स्टेशनरीच्या कोणत्याही दुकानात मिळतात, आणि नवशिक्याचं पहिलं मॉडेल बहुतेक वेळा त्यांनीच रंगतं. ते काढणं सोपं आहे, ही चांगलीच गोष्ट म्हणायची.

काम असं चालतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. मोबाइल दुरुस्तीवाले सर्किट पुसायला हेच वापरतात आणि त्याला आयपीए म्हणतात. औषधाच्या दुकानातलं सर्जिकल स्पिरिटही चालतं, फक्त त्यात कधी एरंडेलाचा अंश असतो आणि तो नंतर साबणाने धुवावा लागतो. लाकडाला पॉलिश करायला विकतात ते स्पिरिट टाळा. त्यात मिथेनॉल असू शकतं आणि ते कातडीतूनही शरीरात जातं. किटचे भाग ज्या काड्यांना लटकलेले असतात त्यांतली एक काडी आधी बुडवून तासभर ठेवा. काडी चिकट झाली नाही, तडकली नाही, तर पुढे जायचं. घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत चहाची प्लास्टिक गाळणी ठेवून त्यात केबिन ठेवा, वरून अल्कोहोल ओता, झाकण लावा. वीस मिनिटांनी बघा. रंगाची चकाकी गेलेली असेल, कोपऱ्यांत बारीक सुरकुत्या दिसतील. हात लावू नका. अजून अर्ध्या तासाने खिडकीच्या चौकटीपाशी रंगाचा पापुद्रा स्वतःहून उचलला गेलेला दिसेल. आता बरणी हलकेच गोल फिरवा. सैल झालेला सगळा रंग खाली बसतो. त्यानंतरच लहान मुलांचा मऊ ब्रश घ्या आणि रिव्हेटच्या रांगेच्या दिशेने फिरवा, आडवा नको. आडव्या घासण्याने रिव्हेटची डोकी झिजतात. दाराच्या फटीतला रंग बांबूच्या टूथपिकने काढा. सुई किंवा पातं प्लास्टिकवर ओरखडा सोडतं, आणि नव्या रंगाखाली तो ओरखडा अधिकच उठून दिसतो. उरलेल्या डागांसाठी भाग पुन्हा ताज्या अल्कोहोलमध्ये ठेवायचा. घाई करून घासण्यापेक्षा दुसऱ्यांदा भिजवणं केव्हाही बरं.

उभ्या पृष्ठभागासाठी किंवा बुडवता न येणाऱ्या मोठ्या डब्यासाठी करोनाकाळात घरोघरी उरलेलं जेलचं सॅनिटायझर उपयोगी पडतं. ते अल्कोहोलच असतं, फक्त घट्ट, त्यामुळे जागेवर राहतं आणि लगेच उडत नाही. लावा, पातळ प्लास्टिकने झाका, अर्ध्या तासाने ब्रश फिरवा.

पारदर्शक खिडक्या अल्कोहोलमध्ये घालू नका. ॲक्रिलिकच्या पारदर्शक प्लास्टिकवर, विशेषतः ते वाकवून बसवलेलं असेल तर, त्याने केसांसारख्या बारीक चिरा पडतात. खिडकी नवी कापणं सोपं. थ्रीडी प्रिंटरच्या रेझिनचं धुराडंही फार वेळ ठेवायचं नाही. हे रेझिन अल्कोहोल शोषतं, फुगतं आणि वाळताना तडकतं. काही मिनिटं बुडवा, घासा, बाहेर काढा, पूर्ण वाळू द्या, आणि लागलं तर पुन्हा.

खरा त्रास एनॅमलचा. दारं-खिडक्यांना लावतात तो तेलरंग घराघरांत उरलेला असतो आणि बरेच जण मॉडेललाही तोच फासतात. हा रंग नुसता सुकत नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन त्याच्यातले तेलाचे रेणू एकमेकांत गुंततात आणि पक्कं जाळं तयार होतं. हे गुंतणं महिनोन्‌महिने चालू राहतं. त्यामुळे आठवड्यापूर्वीचं एनॅमल सहज निघतं आणि दहा वर्षांपूर्वीचं हटून बसतं. ओळखायला कापसाच्या काडीला अल्कोहोल लावून बुडाखाली न दिसणाऱ्या जागी चोळा. काडीवर रंग आला तर बहुधा ॲक्रिलिक, नाही आला तर एनॅमल समजा.

एनॅमलवर पहिला उपाय म्हणून मी डेटॉलचं नाव घेईन. ऐकायला विचित्र वाटेल, पण इंग्लंडमधले मॉडेलकार वर्षानुवर्षं ते वापरत आले आहेत. आपल्याकडच्या बाटलीवरचा मजकूर वाचला तर क्लोरोझायलेनॉल ४.८ टक्के, टर्पिनिऑल ९ टक्के आणि अल्कोहोल दिसतं. टर्पिनिऑल चीडाच्या तेलातला घटक, आणि तेलरंगाला सैल करण्याचा गुण त्याच्यात आहे. पाणी न घालता बाटलीतलंच घ्या आणि भाग बारा ते चोवीस तास ठेवा. इथे एक नियम काटेकोरपणे पाळायचा आहे. डेटॉलमध्ये सैल झालेल्या रंगाला पाणी लागलं की त्याचा चिकट राळेसारखा लगदा होतो आणि तो फटींत जाऊन बसतो. म्हणून आधी ताज्या डेटॉलमध्येच ब्रशने घासून सगळा रंग काढायचा, दुसऱ्या वाटीतल्या स्वच्छ डेटॉलमध्ये विसळायचं, आणि मगच साबण-पाणी. पातळ न केलेलं डेटॉल कातडीला भाजतं, म्हणून हातमोजे हवेतच. घरात मांजर असेल तर बरणी तिच्या वाटेतून दूर ठेवा. मांजराच्या शरीराला ही रसायनं पचत नाहीत.

त्यानेही न निघणारं जुनं एनॅमल कॉस्टिक सोड्याने निघतं. तेलरंगातले जोड तो साबण करतात त्याच क्रियेने तोडतो, आणि पॉलिस्टायरीनला त्याने काही होत नाही. मात्र जस्त आणि ॲल्युमिनियम यांना तो खातो, आणि खाताना पेट घेणारा हायड्रोजन वायू सोडतो. खालच्या यंत्राची चौकट त्यात पडली तर खड्डे पडलेली बाहेर येईल. डोळ्यांसाठी कॉस्टिक आम्लापेक्षा वाईट, कारण ते आत आत शिरत जातं. चष्मा बाजूंनी बंद असलेला हवा. सोडा नेहमी थंड पाण्यात थोडा थोडा टाकायचा, सोड्यावर पाणी कधीच ओतायचं नाही. थेंब डोळ्यात गेला तर नळाखाली निदान वीस मिनिटं डोळा धरायचा आणि थेट दवाखाना गाठायचा. ज्या घरात लहान मुलं या छंदात सामील आहेत तिथे हा उपाय मी सुचवणार नाही. दोन आठवडे डेटॉल बदलत बसलेलं चालेल.

गाडीचं ब्रेक ऑइल, पेट्रोल आणि रंगवाल्यांचा पेंट रिमूव्हर, ही तीन नावं छंदाच्या गप्पांत हमखास येतात. ब्रेक ऑइलने रंग निघतो हे खरं, पण त्यातले ग्लायकॉल इथर कातडीतून शरीरात जातात आणि हाताशी अल्कोहोल असताना ते वापरायचं कारण नाही. पेट्रोल पॉलिस्टायरीनला ताणाच्या जागी तडे पाडतं, आगीचं तर बोलायलाच नको. पेंट रिमूव्हरच्या डब्यावर डायक्लोरोमिथेन किंवा मिथिलीन क्लोराइड लिहिलेलं असेल, तर तो दुकानातच ठेवून या. प्लास्टिक तर त्याने वितळतंच, पण त्याची वाफ शरीरात गेली की तिचा कार्बन मोनॉक्साइड बनतो. अमेरिकेत घरगुती ग्राहकांना असे रिमूव्हर विकायला २०१९ मध्ये बंदी आली. त्याचा उकळबिंदू ३९.६ अंश सेल्सिअस आहे. यवतमाळात मे महिन्यात सावलीतला पारा त्याच्या वर जातो, म्हणजे हा द्रव तिथे नुसता उघडून ठेवला तरी उकळेल आणि बंद डब्यात दाब धरून बसेल.

हवामानाचा विचार अल्कोहोललाही लागू आहे. आयपीएची वाफ सुमारे १२ अंशांपासूनच ठिणगीने पेट घेऊ शकते. विदर्भात हिवाळ्यातल्या मोजक्या पहाटा सोडल्या तर वर्षभर तापमान त्याच्या वरच असतं. ही वाफ हवेच्या दुपटीने जड, म्हणून ती टेबलावरून खाली उतरते आणि जमिनीलगत पसरत जाते. तिथे देवघरातली समई, मच्छर अगरबत्ती, गॅसची शेगडी किंवा कूलरचं ठिणगी मारणारं बटण असू शकतं. उन्हाळ्यात दुपारी खोली बंद करून कूलर लावून बसण्याची आपली रीत या कामाला अजिबात चालत नाही. सकाळी लवकर, ओसरीवर किंवा गच्चीत, सावलीला बसा, आणि बरणीचं झाकण लावलेलं ठेवा. अल्ट्रासॉनिक सफाईयंत्र असेल तर त्याच्या टाकीत अल्कोहोल कधीही भरू नका, साबणाचं पाणीच घाला.

तोंडाला बांधलेला रुमाल आणि एन-९५ मास्क वाफ अडवत नाहीत, ते धूळ अडवतात. वाफेसाठी कोळशाची डबी असलेला मास्क लागतो. अल्कोहोल आणि डेटॉलसाठी नायट्राइलचे हातमोजे ठीक आहेत, पण ॲसिटोन त्यांतून काही मिनिटांत पार होतं. रसायन श्वासातून आणि कातडीतून अंगात जातं, हे यवतमाळ जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. २०१७ मध्ये कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन इथे वीसेक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला आणि शेकडो जणांना दवाखान्यात भरती व्हावं लागलं. पोट भरण्यासाठी त्यांना साधनांशिवाय रसायन हाताळावं लागलं. छंद म्हणून तेच करणाऱ्याला कसलीही सबब नाही. आणखी एक, थंड पेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत यातलं काहीही भरून ठेवू नका. नाव लिहिलेलं असलं तरी नको.

जुन्या बाजारातून किंवा आजोबांच्या ट्रंकेतून आलेलं पत्र्याचं किंवा ओतीव धातूचं खेळणं असेल, तर त्याच्या रंगात शिसं असू शकतं. पिवळा, नारिंगी आणि लाल रंग विशेष संशयाचे. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या आत हवं, हा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, आणि कारखान्यातले रंग त्याच्या कक्षेत नाहीत. अशा खेळण्यावर कोरडा सँडपेपर चालवू नका आणि त्याला तापवू नका. रंग ओल्यातच काढा, पापुद्रे ओल्या कागदाने टिपा, आणि मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका. खरं तर असं खेळणं दुर्मीळ असेल तर मूळ रंग तसाच राहू द्यावा, या मताचा मी आहे. खरचटलेला मूळ रंग हा त्या वस्तूचा इतिहास असतो आणि नवा रंग कितीही सुबक दिला तरी तो भरून येत नाही. आपण स्वतः रंगवलेल्या प्लास्टिकला हा न्याय लावायचं कारण नाही.

वापरलेलं अल्कोहोल टाकून देऊ नका. बरणी रात्रभर स्थिर ठेवली की रंग तळाला बसतो. वरचं निथळ कॉफीच्या गाळणकागदातून गाळून पुन्हा वापरता येतं. तळाचा गाळ वर्तमानपत्रावर उघड्यावर वाळवून घरगुती घातक कचऱ्यात द्यावा, मोरीत ओतू नये. तेलरंग पुसलेल्या चिंध्यांची गोष्ट गंभीर आहे. तेल ऑक्सिजन घेताना उष्णता निघते, आणि चुरगाळून कोपऱ्यात टाकलेल्या बोळ्यात ती साठून चिंध्या आपोआप पेटतात. त्या एकेक करून दोरीवर पसरून वाळवा, किंवा पाण्याने भरलेल्या झाकणाच्या डब्यात बुडवून ठेवा.

रंग निघालेला भाग कोमट पाण्यात, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून धुवा, स्वच्छ पाण्यात विसळा आणि दिवसभर सुकू द्या. कधी प्लास्टिकमध्येच लाल किंवा निळी छटा उतरलेली दिसते. ती घासून जात नाही आणि जायची गरजही नाही, करडा प्रायमर तिला झाकतो. बॅटरी तिरपी धरून रिव्हेटच्या रांगांवर प्रकाश टाका. जिथे सावली पडत नाही तिथे अजून रंग आहे, तेवढीच जागा कापसाच्या काडीने पुन्हा भिजवा. केबिनच्या रिव्हेटच्या रांगा कशा जातात याबद्दल शंका असेल तर नागपूरच्या मोतीबागेतलं नॅरोगेज संग्रहालय बघून या. तिथली इंजिनं शकुंतलेची नाहीत, पण रुळांची रुंदी तीच, ७६२ मिलिमीटर, आणि पत्र्यावरची रिव्हेटकाम केलेली जोडणी हाताच्या अंतरावरून बघता येते. मग पातळ प्रायमर, एकच हात.